मध्यस्थी बायकांची, बैठक पुरुषांची

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री दिमापूरमध्ये गोळीबारात दोन तरुण मारले गेले. दोन दिवसांनी कोहिमात जमावाने नगर परिषदेची इमारत पेटवून दिली. आणखीही काही सरकारी कार्यालये जळाली. बंद पुकारले गेले, कारभार ठप्प झाला आणि तीन आठवड्यांच्या आत मुख्यमंत्री टी. आर. झेलियांग यांना पायउतार व्हावे लागले. नागालँडने बंदुका, चकमकी, संचारबंदी सगळे पाहिलेले होते. पण या वेळचे भांडण ना दिल्लीशी होते, ना भूमिगत गटांचे आपापसातले. शहरांच्या निवडणुकीत एक तृतीयांश जागा बायकांसाठी राखून ठेवल्या होत्या, त्यावरून हे सगळे पेटले होते.

महाराष्ट्रातल्या माणसाला हे पटकन कळत नाही. आपल्याकडे स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये बायकांना राखीव जागा मिळायला १९९० मध्ये सुरुवात झाली, २०११ पासून तर निम्म्या जागा त्यांच्या आहेत. सरपंचबाईंच्या खुर्चीवर नवरा बसतो ही तक्रार आपण करतो, पण बाई उभी राहिली म्हणून नगरपालिका जाळली असे कुठे ऐकलेले नाही. आणि नागालँड काही बायकांना उंबऱ्याआड ठेवणारा प्रदेश नव्हे. २०११ च्या जनगणनेत तिथल्या स्त्रियांची साक्षरता ७६ टक्क्यांच्या आसपास होती, म्हणजे महाराष्ट्राइतकीच. तिथे हुंडा नाही. बाजार बायका चालवतात, शाळा-कॉलेजांत, दवाखान्यांत, सरकारी कचेऱ्यांत बायका दिसतात.

याहून विचार करायला लावणारी गोष्ट वेगळीच आहे. ज्या बायका या राखीव जागांसाठी कोर्टात गेल्या होत्या, त्यांनाच याच समाजाने आधीची दोन दशके डोक्यावर घेतले होते. गावागावांतली माणसे मरत होती तेव्हा बंदुकवाल्यांना जाऊन थांबवायला याच बायका पुढे झाल्या होत्या.

नागा मदर्स असोसिएशन ही संघटना १४ फेब्रुवारी १९८४ रोजी कोहिमात उभी राहिली. तोवर नागा प्रदेशातल्या संघर्षाला तीन दशके होऊन गेली होती. १९५८ चा सशस्त्र दल विशेषाधिकार कायदा लागू होता. १९६३ मध्ये राज्य झाले, १९७५ मध्ये भारत सरकारशी शिलाँग करार झाला, पण त्या करारावरूनच भूमिगतांत फूट पडली. १९८० मध्ये एनएससीएन ही नवी सशस्त्र संघटना निघाली आणि पुढे १९८८ मध्ये तिचेही दोन तुकडे झाले. इसाक स्वू आणि मुइवा यांचा एक गट, खापलांग यांचा दुसरा. त्यानंतरची वर्षे नागा माणसाने नागा माणसाला मारण्याची होती. लष्कराच्या गोळीने मेला तर निदान कोणाला दोष द्यायचा हे ठाऊक असे. शेजारच्या गावातल्या, चर्चमध्ये शेजारी बसणाऱ्या माणसाच्या मुलाने मारले, तर रडायचे कोणापुढे?

संघटनेची सुरुवात मात्र राजकारणातून झाली नाही, घरातल्या काळजीतून झाली. म्यानमारची सीमा जवळ, तिथून येणारे हेरॉईन स्वस्त, आणि तरुण पोरे सुईच्या आहारी गेलेली. त्याच्या मागोमाग एचआयव्ही आला. पोलिसात देऊन काही होत नाही हे आयांना लवकर कळले. त्यांनी माउंट गिलियड होम नावाचे व्यसनमुक्ती केंद्र काढले आणि त्यासाठी हात धरला तो मुंबईच्या कृपा फाउंडेशनचा, म्हणजे वांद्र्याच्या फादर जो परेरांनी १९८१ मध्ये सुरू केलेल्या संस्थेचा. दारूबंदीसाठीही चर्चच्या बरोबरीने या बायका रस्त्यावर होत्या. १९८९ मध्ये राज्यात संपूर्ण दारूबंदीचा कायदा झाला. आपल्याकडे बाटली आडवी करायला मतदानाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या बायकांना ही लढाई ओळखीची वाटेल. दोन्हीकडे बायकांचा पहिला सार्वजनिक शब्द घर वाचवण्यासाठीच निघाला.

घर वाचवता वाचवता गाठ बंदुकीशी पडणे अटळ होते. १९९४ मध्ये संघटनेने शांतता पथक बांधले आणि मोहीम सुरू केली: आता आणखी रक्त सांडू नका. ही मागणी एकट्या लष्कराला उद्देशून नव्हती, हे महत्त्वाचे आहे. लष्कराच्या अत्याचारांवर बोलणे त्या समाजात तुलनेने सोपे होते. या बायका भूमिगत गटांच्या हत्यांवर, त्यांच्या खंडणीवर, ‘टॅक्स’ या नावाने दुकानदारापासून सरकारी नोकरापर्यंत प्रत्येकाकडून उकळल्या जाणाऱ्या पैशावरही तितक्याच उघडपणे बोलल्या. नागा अस्मितेच्या नावाने हत्यार उचललेल्या माणसाला त्याच्याच समाजात उभे राहून ‘तू चुकतोयस’ म्हणायला किती धैर्य लागते, ते काश्मीर किंवा गडचिरोली जवळून पाहिलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

त्यांची कामाची रीत साधी होती. कुठे कोणी मारला गेला की जायचे. मेलेला कोणत्या गटाचा, कोणत्या जमातीचा, कोणाच्या गोळीने मेला हे विचारायचे नाही. ज्या मृतदेहांवर हक्क सांगायला कोणी धजत नसे, ते ताब्यात घेऊन पारंपरिक शालीत गुंडाळायचे आणि माणसासारखे दफन करायचे. नागा समाजात शाल म्हणजे पांघरूण नव्हे. कोणत्या जमातीचा, कोणत्या मानाचा माणूस हे ती सांगते. ज्याला त्याच्या गटानेही टाकून दिले, त्याच्या अंगावर ती शाल घालणे हा शब्दांविना केलेला निषेध होता, आणि दोन्ही बाजूंना तो बरोबर कळत होता.

त्याच बरोबरीने बोलणी सुरू होती. संघटनेच्या बायका दोन्ही गटांच्या छावण्यांत गेल्या, रानातून पायी चालत, सीमेपलीकडच्या खापलांग गटापर्यंतही. या फेऱ्यांत पुढे असलेल्या नेइदोनुओ अंगामी यांचे वडील त्या लहान असतानाच या संघर्षात मारले गेले होते. ज्या बंदुकीने बाप नेला तिच्याशीच बोलायला त्या पुढे जात राहिल्या. २००० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली; २००५ मध्ये नोबेल शांतता पुरस्कारासाठी जगभरातल्या हजार स्त्रियांचे एकत्रित नामांकन झाले, त्यातही त्यांचे नाव होते.

बायकांनाच का आत जाता येत होते, याचे उत्तर भावनेत शोधण्यापेक्षा नात्यागोत्यात शोधावे. एका गावात जन्मलेली, दुसऱ्या गावात दिलेली बाई दोन्ही गावांची असते. मणिपूरच्या उखरुल भागातल्या तांगखुल नागांमध्ये यावर एक संस्थाच उभी होती. दोन गावांत लढाई जुंपली की परगावी लग्न करून गेलेली बाई, जिला तिकडे पुखरैला म्हणतात, ती मधे जाऊन उभी राहू शकत असे. तिच्यावर हात उगारणे निषिद्ध होते. तिला इजा झाली तर तिच्या माहेरचे आणि सासरचे असे दोन्हीकडचे वैर अंगावर घ्यावे लागे. निरोप नेणे, जखमींना उचलणे, शिर कापलेल्यांची प्रेते परत मिळवणे, तह होईपर्यंत दोन्हीकडे ये-जा करणे ही तिची कामे. नागा मदर्सच्या बायकांनी हाच जुना मार्ग नव्या काळात वापरला. त्यांच्याकडे पद नव्हते, पैसा नव्हता, निवडणूक लढवायची नव्हती. म्हणून कोणत्याही गटाला त्यांच्या येण्यात डाव दिसत नव्हता.

तांगखुल बायकांची आणखी एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. १९८६ च्या जानेवारीत उखरुलजवळच्या न्गाइंगा गावात लुइंगाम्ला नावाची अठरा वर्षांची मुलगी घरी एकटी मागावर विणत होती. लष्कराचे अधिकारी घरात शिरले. तिने बलात्काराला विरोध केला आणि तिला गोळी घातली गेली. गावाने आणि तांगखुल बायकांच्या संघटनेने प्रकरण सोडले नाही. लष्करी चौकशीपर्यंत ते लावून धरायला वर्षे गेली. त्याच काळात झामथिंग्ला रुइवा या विणकर स्त्रीने एक नवे कशान विणले. कशान म्हणजे कमरेला गुंडाळायचे वस्त्र. कमरेलाच पट्टा बांधून बसायच्या मागावर ते विणतात. त्याच्या नक्षीत तिने लुइंगाम्लाची कहाणी बसवली. आज तांगखुल बायका ‘लुइंगाम्ला कशान’ सणासमारंभाला नेसतात, आणि ते विणायचे म्हणजे प्रत्येक वेळी ती नक्षी हाताने मोजून पुन्हा घालावी लागते. कुठल्या कमिशनच्या अहवालाला असे आयुष्य लाभले नाही.

जुलै १९९७ मध्ये इसाक-मुइवा गट आणि भारत सरकार यांच्यात शस्त्रसंधी ठरली, १ ऑगस्टपासून ती लागू झाली. त्यामागे दिल्लीची गणिते होती, भूमिगतांचा थकवा होता, चर्चचा रेटा होता. पण लोकांमध्ये ‘आता पुरे’ ही भावना बोलती करण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत नागा मदर्सचे नाव सगळ्यात वर ठेवावे लागते. त्यानंतर बँकॉकमध्ये भूमिगत नेत्यांनी समाजातल्या संघटनांना सल्लामसलतीसाठी बोलावले, तेव्हा बायकांच्या संघटनांनाही बोलावणे गेले. दक्षिण आशियात असे क्वचितच झाले आहे.

सल्ला घेतला. निर्णयाला बसवले नाही.

३ ऑगस्ट २०१५ रोजी दिल्लीत पंतप्रधानांच्या उपस्थितीत ‘फ्रेमवर्क करार’ झाला. त्यावर सह्या दोनच: भारत सरकारचे मध्यस्थ आर. एन. रवी आणि इसाक-मुइवा गटाचे थुइंगालेंग मुइवा. नागा होहो ही नागा जमातींची शिखर संस्था पुरुषांची. गावाची परिषद पुरुषांची. गावबुढ्याची लाल शाल पुरुषाच्या खांद्यावर. वडिलोपार्जित जमीन मुलींना मिळत नाही. दिमापूरजवळच्या नाहरबारी गावात तोखेली किकोन गावपरिषदेच्या अध्यक्ष झाल्या, ती बातमी झाली, कारण तसे आधी कुठे घडले नव्हते.

हे फक्त नागांचे दुखणे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ३१ ऑक्टोबर २००० रोजी १३२५ क्रमांकाचा ठराव करून शांतता प्रक्रियेत स्त्रियांना स्थान द्या असे सगळ्या देशांना सांगितले. तरी १९९२ ते २०१९ या काळातल्या जगातल्या मोठ्या शांतता वाटाघाटींत बोलणी करणाऱ्यांमध्ये स्त्रिया सरासरी १३ टक्के होत्या, मध्यस्थांत ६ टक्के आणि सह्या करणाऱ्यांतही ६ टक्केच. बहुतेक देशांत बायका रस्त्यावर मेणबत्त्या घेऊन असतात आणि पुरुष आत नकाशा घेऊन. नागालँडचे वेगळेपण एवढेच की इथल्या बायका नकाशाच्या खोलीच्या दारापर्यंत पोहोचल्या होत्या. पुढचे पाऊल त्यांनी टाकले तेव्हा काय झाले, ते नीट बघण्यासारखे आहे.

राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने शहरांच्या संस्थांत बायकांना एक तृतीयांश जागा दिल्या. नागालँडने २००१ मध्ये नगरपालिका कायदा केला, तो या आरक्षणाविना. २००४ ची निवडणूक तशीच पार पडली. २००६ मध्ये दुरुस्ती करून आरक्षण घातले, पण त्याविरुद्ध इतका ओरडा झाला की निवडणुकाच थांबल्या. वर्षामागून वर्षे गेली. अखेर २०११ मध्ये नागा मदर्सच्या रोझमेरी द्झुविचू आणि अबेइउ मेरू यांनी उच्च न्यायालयात याचिका केली. द्झुविचू नागालँड विद्यापीठात इंग्रजीच्या प्राध्यापक. न्यायालयाने निवडणूक घ्या म्हटले. त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने पुढच्या वर्षी तो निकाल फिरवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. मधल्या काळात, सप्टेंबर २०१२ मध्ये, विधानसभेने हे आरक्षण आपल्याला लागू नाही असा ठराव केला. नोव्हेंबर २०१६ मध्ये तो मागे घेतला आणि मग १ फेब्रुवारी २०१७ ही मतदानाची तारीख जाहीर झाली.

विरोध करणाऱ्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. घटनेचे ३७१ अ हे कलम नागांच्या धार्मिक आणि सामाजिक प्रथांना, रूढ कायद्याला आणि जमिनीच्या मालकीला संरक्षण देते. ते दिल्लीने दान म्हणून दिलेले नाही, मोठी किंमत मोजून मिळालेले आहे. नगरपालिका कायद्यात जमीन आणि इमारतींवरच्या कराचीही तरतूद होती. आज बायकांच्या जागा, उद्या जमिनीवर कर, परवा आणखी काही, अशी धास्ती लोकांना वाटत होती. ज्या समाजाला दिल्लीवर विश्वास ठेवून अनेकदा पस्तावावे लागले, त्याची ही धास्ती खोटी म्हणता येणार नाही.

पण नगरपालिका ही नागांची प्रथा आहे का? कोणत्या पूर्वजाने कोहिमात वॉर्ड पाडले होते? नगरपालिका राज्याबरोबर आली, आधुनिक कायद्याबरोबर आली. गावातल्या विकास मंडळांत १९८० पासूनच बायकांना चौथा हिस्सा राखून ठेवलेला आहे. त्याने कोणाची परंपरा बुडाली नाही. हा मुद्दा बायका पुन्हा पुन्हा मांडत होत्या. प्रथा धोक्यात आहे हे त्या मंडळाच्या वेळी आठवले नाही आणि नगरसेवकाच्या मानधनाच्या, ठेक्यांच्या खुर्चीपाशी आले की आठवले, यातच सगळे येते.

२०१७ च्या जानेवारीत काय झाले, ते लिहितानाही जड जाते. अर्ज भरलेल्या बायकांना जमातीच्या परिषदांनी बहिष्काराची धमकी दिली. बहिष्कार म्हणजे तिथे नुसते न बोलणे नव्हे. गाव, चर्चचे सोबती, नातेवाईक, दफनाची जागा, सगळेच तुटते. अनेकींनी अर्ज मागे घेतले. काहींनी घेतले नाहीत आणि त्याचे परिणाम भोगले. जमातवार बायकांच्या संघटनांवर नागा मदर्सपासून फारकत घेण्यासाठी दबाव आला आणि त्यांतल्या काहींनी ती घेतली. याचिकाकर्त्या बायकांना सर्वोच्च न्यायालयातून माघार घ्यावी लागली; त्यांच्या जागी पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संस्था उभी राहिली, म्हणून खटला जिवंत राहिला. ज्या दोन सशस्त्र गटांशी बोलायला गेल्या होत्या, त्यांना आपल्याच समाजाशी बोलायला कोणी मध्यस्थ मिळाला नाही.

या प्रसंगाचा अर्थ लावताना एक गोष्ट टाळता येत नाही. नागा बायकांना शांततेच्या कामात शिरकाव मिळाला तो आई म्हणून. संघटनेच्या नावातच ते आहे. आई मागते, विनवते, रडते, प्रेत मागून नेते. आईला नाही म्हणणे कठीण. हे नाव त्यांची ढाल होते आणि अवघड काळात त्याने शेकडो जीव वाचवले असतील. पण आईला हिस्सा लागत नाही, आई मत मांडत नाही, आई निवडणुकीला उभी राहत नाही अशीही त्याच नावात एक अट होती, आणि त्या अटीचा उच्चार कोणी केला नव्हता. ज्या दिवशी त्या नागरिक म्हणून बोलल्या, त्या दिवशी ती अट मोडली. मग दोन दशकांचे उपकार एका महिन्यात पुसले गेले. शांततेसाठी बायका नैसर्गिकपणे योग्य असतात, असे जेव्हा कौतुकाने म्हटले जाते, तेव्हा त्यातला धोका हा आहे. योग्यता निसर्गाची असेल, तर तिला पद कशाला आणि पगार कशाला?

बायका जन्मतःच शांतताप्रिय नसतात, याचा पुरावा शेजारच्या मणिपूरमध्ये आहे. तिथल्या मैतेई बायकांची मैरा पाइबी ही चळवळ मशाली घेऊन रात्री गस्त घालणारी. सुरक्षा दलांच्या ताब्यातल्या थांगजम मनोरमा या तरुणीच्या हत्येनंतर १५ जुलै २००४ रोजी त्यांतल्या बारा जणींनी कांगला किल्ल्याच्या दारात विवस्त्र होऊन लष्कराला आव्हान दिले आणि देश हादरला. त्याच वर्षी इंफाळच्या काही भागांतून विशेषाधिकार कायदा उठला. पण ३ मे २०२३ पासून मैतेई आणि कुकी-झो यांच्यात हिंसाचार पेटला, तेव्हा बायका दोन्हीकडे आपापल्या समाजाच्या बाजूने उभ्या राहिल्या. जूनमध्ये इथाम गावात बायकांच्या नेतृत्वाखालच्या मोठ्या जमावाने लष्कराला वेढले आणि पकडलेले १२ सशस्त्र बंडखोर सोडून द्यावे लागले. मशाल तीच, हातही तेच. म्हणून बायकांना वाटाघाटीत घ्यायचे ते त्या मऊ मनाच्या असतात म्हणून नव्हे. हिंसाचारात त्यांची घरे जातात, शिबिरांत मुले त्या वाढवतात, शेजारणीशी तुटलेले बोलणे पुन्हा त्यांनाच सुरू करावे लागते. निर्णयाचा भार ज्यांच्यावर पडतो त्यांचा निर्णयात वाटा हवा, एवढाच सरळ हिशेब आहे. ४ डिसेंबर २०२१ ला नागालँडच्या मोन जिल्ह्यात ओटिंगजवळ सैन्याच्या गोळीबारात खाणकाम करून घरी परतणारे मजूर मारले गेले, तेव्हाही मागे राहिलेल्या घरांचा गाडा कोणी ओढला, हे वेगळे सांगायला नको.

नागालँडमध्ये २०२३ पासूनच्या घटना मात्र वेगाने घडल्या. २ मार्च २०२३ रोजी, राज्य होऊन जवळजवळ साठ वर्षांनी, नागालँडच्या साठ जणांच्या विधानसभेत पहिल्यांदा बायका निवडून आल्या: दिमापूर-३ मधून हेकानी जखालू आणि पश्चिम अंगामीतून साल्हौतुओनुओ क्रुसे. निवडणुकीला उभ्या राहिलेल्या १८३ उमेदवारांत बायका चारच होत्या. क्रुसे लगेच मंत्रीही झाल्या. त्याआधी राज्यातून लोकसभेत १९७७ मध्ये रानो शैजा गेल्या होत्या, आणि २०२२ मध्ये राज्यसभेत फांगनोन कोन्याक. दिल्लीला पाठवायला बाई चालत होती, कोहिमात नको होती.

विधानसभेत दोघी पोहोचल्या त्याच महिन्यात सरकारने नगरपालिका कायदाच रद्द करून टाकला, म्हणजे आरक्षण देण्याचा प्रश्नच उरला नसता. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये त्याला स्थगिती दिली आणि राज्याला सुनावले. मग या वेळी सरकारने जमातींच्या परिषदांना, चर्चला, बायकांच्या संघटनांना एकत्र बसवले. नोव्हेंबर २०२३ मध्ये नवा कायदा झाला. जमीन आणि इमारतींवरचा कर त्यातून गेला, बायकांच्या ३३ टक्के जागा राहिल्या. अध्यक्षपद मात्र राखीव ठेवले नाही. अशी तडजोड २०१७ आधीच झाली असती तर ते दोन तरुण आज जिवंत असते, हे मनातून जात नाही.

२६ जून २०२४ रोजी वीस वर्षांनंतर नागालँडच्या शहरांत मतदान झाले. २४ ठिकाणच्या २७८ वॉर्डांतून १०२ बायका निवडून आल्या, काही जणी खुल्या जागांवरूनही. भंडारी नगर परिषदेत निवडून आलेली एक नगरसेविका तेव्हा २२ वर्षांची होती. खटला उच्च न्यायालयात गेला तेव्हा ती प्राथमिक शाळेत असणार. पूर्वेकडच्या सहा जिल्ह्यांत मतदान झाले नाही, कारण तिथल्या जमातींची वेगळ्या प्रदेशाची मागणी अजून सुटलेली नव्हती आणि त्यांनी निवडणुकीवर बहिष्कार घातला होता. राज्यातल्या एकूण ४१८ वॉर्डांत बायकांसाठी राखलेल्या १४२ जागांपैकी या सहा जिल्ह्यांच्या वाट्याच्या जागा त्या दिवशी रिकाम्याच राहिल्या. तिथल्या बायकांनी अर्ज भरायचे की नाही, हेही जमातीच्या बैठकीतच ठरले, आणि त्या बैठकीत निर्णय घेणारे पुरुषच होते.